लहानपणी टेट्रालॉजी ऑफ फॅलोची शस्त्रक्रिया झालेली आहे. गर्भधारणेपूर्वी आणि बाळंतपणात काय काळजी घ्यावी?

जाईजुई (प्रश्न)

नमस्कार. माझे वय २८ आहे. मला जन्मतः टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा हृदयदोष होता आणि मी पाच वर्षांची असताना मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया झाली. त्याआधी, तान्ही असताना निळी पडू लागल्यामुळे, डाव्या बरगड्यांच्या बाजूने एक छोटी शस्त्रक्रिया करावी लागली होती, असे आई सांगते. तिचा व्रण आहे, परंतु कागद हरवले आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड मात्र वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आजवर जपले असून त्यावरचे ‘ट्रान्सॲन्युलर पॅच’ हे शब्द अजून वाचता येतात.

शाळेत असेपर्यंत मला दर वर्षी तपासणीला नेत असत. दहावीनंतर ते थांबले, कारण मी इतर मुलींसारखीच खेळत-धावत होते आणि हृदयाचे काम एकदाचे झाले, असे घरात सगळेच धरून चालले होते. लग्नाला दोन वर्षे झाली आहेत. शस्त्रक्रियेची कल्पना सासरी लग्नाआधीच दिली होती. आता आम्हाला मूल हवे आहे. आम्ही ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो, त्यांनी छातीवरचा व्रण पाहताच आधी टू-डी इको करून आणायला सांगितला. अहवालात पल्मनरी झडपेतून (हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप) तीव्र गळती आहे, उजवा खालचा कप्पा मोठा झाला आहे आणि त्याचे आकुंचन किंचित कमी आहे, ट्रायकस्पिड झडपेतून (उजव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली झडप) थोडी गळती आहे, असे लिहिले आहे. डाव्या कप्प्याचा ई. एफ. (प्रत्येक ठोक्याला बाहेर टाकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण) ६० टक्के, म्हणजे नेहमीसारखा आहे, पडद्यावरच्या पॅचमधून गळती नाही आणि फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेला नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही, तरी मला जिना चढताना थांबावे लागत नाही.

अडचण अशी की प्रत्येकाचा सल्ला निराळा आहे. एका फिजिशियननी ‘हृदयाला आधार’ म्हणून एनालाप्रिलची गोळी सुरू केली आणि काळजीचे कारण नाही असे सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी झडप बदला, मगच मुलाचा विचार करा, असे सुचवले. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या मते नववा महिना लागताच ठरवून सिझेरियन करणे हाच सुरक्षित मार्ग आहे. नात्यातील काहींनी तर हा धोका पत्करूच नये, मूल दत्तक घ्यावे, असे सासूबाईंना सांगितले आहे. दत्तक घेण्याला आमचा विरोध नाही, पण तो निर्णय भीतीपोटी व्हावा असे मला वाटत नाही. शिवाय बाळाला हाच दोष होईल का, ही शंका मनातून जात नाही. ज्यांना या विषयाची माहिती किंवा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वैद्यकी

मी प्रसूतितज्ज्ञ आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झाले आहे. जाईजुई, तुम्ही अहवालातील तपशील नीट दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तरीही मी जे लिहीत आहे ते घेऊन जन्मजात हृदयदोषांवर काम करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटावे, कारण तुमच्या हृदयाची मापे प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज शेवटचा शब्द कोणीही देऊ शकत नाही.

फॅलोच्या शस्त्रक्रियेत दोन खालच्या कप्प्यांमधले छिद्र पॅच लावून बुजवतात आणि फुप्फुसांकडे जाणारी अरुंद वाट रुंद करतात. ती वाट पुरेशी रुंद करण्यासाठी पल्मनरी झडपेचे कडेच छेदून त्यावर पॅच लावावा लागला असेल, तर त्यालाच ट्रान्सॲन्युलर पॅच म्हणतात. त्यामुळे मूल निळे पडायचे थांबते, वाढते, शाळेत जाते. पण ती झडप पुढे नीट मिटत नाही आणि प्रत्येक ठोक्यामागे काही रक्त उजव्या कप्प्यात परत येत राहते. उजवा कप्पा हे ओझे वर्षानुवर्षे तक्रार न करता सोसतो आणि हळूहळू मोठा होत जातो. तुमच्या अहवालात नेमके हेच दिसते. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, आणि तरीही आयुष्यभर तपासणी हवी होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. दहावीनंतर तपासणी सुटणे हे आपल्याकडे अतिशय सर्रास घडते, कारण बालहृदयरोगतज्ज्ञांचा दवाखाना सुटतो आणि पुढे कोणाकडे जायचे हे कोणी सांगत नाही.

आता गर्भारपणात हृदयावर काय येते ते पाहा. रक्ताचे एकूण आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि हृदय दर मिनिटाला ३० ते ५० टक्के अधिक रक्त बाहेर टाकू लागते. ही वाढ पहिल्या तिमाहीतच सुरू होते आणि २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास शिखरावर पोहोचते. म्हणून हृदयरोग असलेल्या गर्भवतीला पाचव्या महिन्यापर्यंत काहीच त्रास झाला नाही, एवढ्यावर आम्ही समाधान मानत नाही; सातव्या-आठव्या महिन्याकडे आमचे खरे लक्ष असते. प्रसूतीच्या वेळी प्रत्येक कळेसरशी गर्भाशयातील ३०० ते ५०० मिलिलिटर रक्त आईच्या अभिसरणात ढकलले जाते आणि बाळ-वार बाहेर आल्यानंतर लगेचच हृदयाकडे येणारे रक्त आणखी वाढते. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत नाजूक असतात, आणि नेमके त्याच वेळी घरचे सारे लक्ष बाळाकडे वळलेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुधारित वर्गवारीत, हृदयदोष असलेल्या स्त्रियांचे गर्भारपणातील धोक्यानुसार चढत्या क्रमाने वर्ग पाडले आहेत. गुंतागुंत नसलेली, शस्त्रक्रिया झालेली फॅलो ही साधारणपणे दुसऱ्या वर्गात येते. या वर्गात हृदयाशी संबंधित गुंतागुंत सुमारे ६ ते १० टक्के गर्भारपणांत दिसते आणि ती बहुतेक वेळा ठोक्यांची अनियमितता किंवा उजव्या बाजूचे हृदय थकणे या स्वरूपाची, म्हणजे वेळीच लक्षात आल्यास औषधांनी आटोक्यात येणारी असते. तुमच्या बाबतीत उजवा कप्पा मोठा आहे आणि त्याचे काम किंचित उणे आहे, म्हणून हा धोका थोडा वरच्या बाजूला धरावा. गर्भधारणा टाळावी असे सांगण्याजोगे मात्र तुमच्या अहवालात मला काही दिसत नाही.

गर्भधारणेआधी तीन तपासण्या कराव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. पहिली, हृदयाचा एमआरआय. उजव्या कप्प्याचे खरे आकारमान त्यातच कळते, इकोमध्ये ते केवळ अंदाजाने समजते. दुसरी, स्ट्रेस टेस्ट, म्हणजे श्रम करताना हृदय कसे चालते याची तपासणी. जिना चढता येतो हे चांगलेच आहे, पण लहानपणापासून सवय झालेल्या माणसाला स्वतःची मर्यादा जाणवत नाही, आणि श्रमात नाडी पुरेशी वाढते का, हेही पाहायचे असते. तिसरी, ईसीजी आणि २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावलेल्या छोट्या यंत्राने दिवसभर घेतलेली ठोक्यांची नोंद. ईसीजीतील क्यूआरएस या भागाची रुंदी १८० मिलिसेकंदांहून अधिक असेल, तर गंभीर स्वरूपाच्या अनियमित ठोक्यांचा धोका वाढतो.

झडप आधी बदलावी का, याचे उत्तर एमआरआयवर अवलंबून आहे. लक्षणे नसतानाही उजव्या कप्प्याचे भरलेल्या अवस्थेतील आकारमान शरीराच्या दर चौरस मीटरमागे १६० मिलिलिटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक असेल, किंवा आकुंचनानंतरचे ८० च्या पुढे असेल, तर झडप बदलण्याचा विचार करतात. गर्भधारणेचा बेत असो वा नसो. तेवढे नसेल, तर केवळ गर्भारपणासाठी म्हणून शस्त्रक्रियेची घाई करू नये. पल्मनरी झडपेची गळती गर्भारपणात बहुतांश स्त्रिया बऱ्यापैकी सोसतात, आणि आज बसवलेली जैविक झडपही कायमची टिकत नाही. साधारण १० ते १५ वर्षांनी ती पुन्हा बदलावी लागते. झडप बदलायचीच ठरली, तर ती जैविकच असावी, कारण धातूच्या झडपेसाठी आयुष्यभर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्यांतील वॉरफरिन पहिल्या तिमाहीत बाळाच्या वाढीला घातक ठरू शकते.

एनालाप्रिलबद्दल आजच सांगते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या गटांतील औषधे गर्भारपणात चालत नाहीत. बाळाच्या मूत्रपिंडांवर त्यांचा वाईट परिणाम होतो. गोळी तुम्ही आपणहून बंद करू नका, पण या आठवड्यातच ज्यांनी ती दिली त्यांना भेटून गर्भधारणेचा बेत स्पष्ट शब्दांत सांगा. अहवालावरून तुम्हाला ती कशासाठी हवी, हे मला उमगलेले नाही. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गर्भनिरोधनाचे खात्रीचे साधन वापरा आणि फॉलिक ॲसिड मात्र आतापासूनच सुरू करा.

बाळाविषयी. सर्वसाधारणपणे शंभरातील सुमारे एका बाळाला काही ना काही जन्मजात हृदयदोष असतो. आईला फॅलो असल्यास हे प्रमाण साधारण ३ ते ५ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे शंभरातील पंचाण्णवांहून अधिक बाळांचे हृदय निर्दोष असते. याला एक अपवाद आहे. फॅलो असलेल्या काही रुग्णांमध्ये २२ व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो, आणि तसे असल्यास तो बाळाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. आवाज नाकातून येणे, टाळूचा दोष, लहानपणी कॅल्शियम कमी होऊन झटके येणे, शिकण्यात अडचण, यांपैकी काही तुमच्या बाबतीत होते का, ते आईला विचारा. नसले, तरी रक्ताची ती तपासणी एकदा करून घ्यावी. गर्भारपणात १८ ते २२ आठवड्यांदरम्यान फीटल इको, म्हणजे पोटातील बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, करावा, आणि तो शक्यतो विसाव्या आठवड्याच्या आत व्हावा, म्हणजे काही आढळल्यास विचार करायला आणि पुढील तपासण्यांना वेळ हाताशी राहतो.

गोदाकाठ

जाईजुई, मलाही फॅलोच होता आणि सहाव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. माझी मुलगी आता पहिलीत आहे. वैद्यकी यांनी शास्त्र सांगितले आहे. मी दिवस कसे गेले ते लिहिते.

मला पाचव्या महिन्यापर्यंत काही त्रास नव्हता. सातव्यात एके दुपारी ओट्याशी उभी असताना छातीत एकाएकी धडधड सुरू झाली. पाखरू फडफडावे तशी ती वाटत होती आणि नाडी मोजता येत नव्हती, इतकी वेगात होती. ईसीजी निघेपर्यंत ती थांबलीही. मला सर्वांनी सांगितले, की गर्भारपणात असे होतेच. माझ्या हृदयरोगतज्ज्ञांनी मात्र होल्टर लावला, त्यात तोच प्रकार पुन्हा सापडला आणि ठोक्यांचा वेग आवरणारी मेटोप्रोलोल ही गोळी सुरू झाली. या गोळीमुळे बाळाच्या वाढीवर थोडे अधिक लक्ष ठेवावे लागते, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफी होत असे, आणि जन्मानंतर पहिला दिवसभर मुलीच्या टाचेतून थेंब घेऊन साखर तपासत होते. सर्व ठीक निघाले. तुम्हाला सांगायचे ते हे, की धडधड झाली तर ती कितीही थोडा वेळ टिकली तरी सांगा, आणि शक्य असेल तर धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजीची पट्टी काढून घ्या.

पायांची सूज आणि थोडी धाप प्रत्येक गर्भवतीला असते, त्यामुळे आपले दुखणे कोणते आणि नेहमीचे कोणते, हे कळणे अवघड जाते. मला दिलेल्या सूचना अगदी नेमक्या होत्या: उशी काढून सपाट झोपता येईनासे झाले, रात्री धाप लागून जाग आली, झोपल्यावर खोकला येऊ लागला, चक्कर येऊन पडले, किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यायचे. वजनकाटा आम्ही तेवढ्यासाठीच घेतला होता. हिमोग्लोबिनकडेही तितकेच लक्ष होते, कारण रक्त कमी असले की आधीच ओझे वाहणाऱ्या हृदयाला आणखी वेगाने धावावे लागते. आपल्या देशात निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय असतो, त्यामुळे लोहाच्या गोळ्या पोटाला सोसत नाहीत म्हणून सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही. मला त्या सोसल्या नाहीत, तेव्हा शिरेतून लोह दिले.

प्रसूती ३८ व्या आठवड्यात, नैसर्गिक मार्गाने, एपिड्युरल (पाठीच्या कण्यात नळीतून दिलेले वेदनाशामक) देऊन झाली. शेवटी मला जोर करायला लावला नाही. व्हॅक्यूम लावून बाळ बाहेर घेतले.

एक गोष्ट तुम्ही चांगली केली आहे, तिचे मोल मला अधिक जाणवते. माझ्या माहेरी स्थळे पाहताना शस्त्रक्रियेचा विषय निघू नये म्हणून तपासण्याच बंद केल्या होत्या. फाईल घरात दिसू नये, हे त्यामागचे कारण. यजमानांना मी स्वतः सांगितले होते, सासूबाईंना मात्र दिवस राहिल्यावर कळले आणि त्यांना फार वाईट वाटले. आजाराचे नव्हे, तर आपल्यापासून लपवल्याचे. पुढे माझ्या प्रत्येक तपासणीला त्याच सोबत आल्या. मुलीचे लग्न जमावे म्हणून तिच्या हृदयाकडे दहा वर्षे पाहायचेच नाही, हे आपल्या समाजात किती घरांत चालत असेल, याचा विचार आला की आजही मला वेदना होतात.

भूलशास्त्र

मी भूलतज्ज्ञ आहे. सिझेरियनच्या प्रश्नावर स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते, कारण ‘हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणजे सिझरच करावे लागणार’ हा समज रुग्णांमध्येच नव्हे, तर अनेक डॉक्टरांमध्येही घट्ट रुजलेला आहे.

शस्त्रक्रिया झालेल्या फॅलोमध्ये, हृदयाची स्थिती स्थिर असल्यास, नैसर्गिक प्रसूतीलाच प्राधान्य दिले जाते. सिझेरियनमध्ये रक्तस्राव अधिक होतो, शरीरातील द्रवाचे चढउतार एकाएकी होतात, जंतुसंसर्गाचा आणि पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो; हे सर्व याच हृदयाला नको असते. बाळ आडवे असणे, वार खाली असणे, अशा प्रसूतिशास्त्रीय कारणांसाठी सिझेरियन करावे लागले तर ते अवश्य करावे. हृदयाच्या कारणासाठी ते लागते ते महाधमनी फारच रुंदावलेली असणे, हृदय आधीच निकामी होत असणे, किंवा वॉरफरिन चालू असतानाच कळा सुरू होणे, अशा मोजक्या परिस्थितींत. असे असूनही ठरवून सिझेरियन का सुचवले जाते, हेही समजून घ्यावे: छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ आणि आयसीयू यांची जुळणी करणे शक्य नसते आणि सकाळी दहाची वेळ ठरवता येते. ही डॉक्टरांची खरी अडचण आहे. पण तिचा उपाय प्रसूतीची पद्धत बदलणे हा नसून जागा बदलणे हा आहे, आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई सुज्ञ दिसतात, त्यामुळे त्या स्वतःच तुम्हाला मोठ्या रुग्णालयाकडे पाठवतील असे वाटते.

एपिड्युरलमुळे वेदना कमी होतात, नाडी आणि रक्तदाब उसळत नाही आणि हृदयावरील ताण उतरतो. मात्र औषध थोडे थोडे करून वाढवावे लागते, कारण रक्तदाब एकदम घसरणे तुमच्या उजव्या कप्प्याला मानवणार नाही. बाळ जन्मल्यावर गर्भाशय आकुंचित करून रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन सलाईनमधून सावकाश द्यावे, शिरेत एकदम सोडू नये. याच कामाच्या दुसऱ्या औषधांपैकी कार्बोप्रॉस्टने फुप्फुसांतील रक्तदाब वाढू शकतो आणि मेथर्जिनने एकंदर रक्तदाब, म्हणून रक्तस्राव झाल्यास कोणते औषध कोणत्या क्रमाने वापरायचे, हे आधीच ठरवून केसपेपरवर लिहून ठेवावे. प्रसूतीनंतर किमान २४ ते ४८ तास तुम्ही मॉनिटरवर असावे.

तुमच्या प्रश्नातील एक तपशील मला महत्त्वाचा वाटला. तान्हेपणी डाव्या बाजूने झालेली छोटी शस्त्रक्रिया बहुधा ब्लॅलॉक-टाउसिग शंट असावी. ही पद्धत १९४४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात प्रथम वापरली गेली आणि फुप्फुसांना अधिक रक्त मिळावे म्हणून तिच्या मूळ प्रकारात हाताकडे जाणारी धमनीच कापून फुप्फुसांच्या धमनीला जोडत असत. नंतरच्या प्रकारात मध्ये कृत्रिम नळी घालतात, तरीही त्या बाजूच्या हाताचा रक्तप्रवाह पुढे कमी राहू शकतो. अशा हाताला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, तर तो खऱ्यापेक्षा कमी दिसतो. गर्भारपणात याचा परिणाम दोन्हीकडून घातक होऊ शकतो: वाढलेला रक्तदाब लक्षात येत नाही, किंवा नसलेला कमी रक्तदाब पाहून भराभर सलाईन दिले जाते. म्हणून पुढच्या तपासणीत दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून घ्या आणि फरक असल्यास ‘रक्तदाब उजव्याच हातावर मोजावा’ असे फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या. कळा देत असताना ही गोष्ट सांगण्याच्या मनःस्थितीत तुम्ही नसाल.

सातासमुद्रापार

मी इंग्लंडमध्ये राहते. माझी महाधमनी जन्मतः अरुंद होती, म्हणजे कोआर्क्टेशन, आणि ती लहानपणी पुण्यात दुरुस्त झाली. येथे हृदयरोगतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ माझी तपासणी एकाच दिवशी, एकत्र बसून करत असत. ३२ व्या आठवड्याच्या सुमारास त्यांनी प्रसूतीची संपूर्ण योजना एका पत्रात लिहून दिली आणि ते पत्र सतत पर्समध्ये ठेवायला सांगितले. भारतात एकत्र दवाखाना सर्वत्र मिळणार नाही, पण तिन्ही डॉक्टरांना एकमेकांचे मोबाइल क्रमांक देऊन एक लेखी योजना करून मागणे कोणालाही जमेल.

हा धागा वाचणाऱ्या इतर भगिनींसाठी एक गोष्ट नमूद करते. येथील सल्ला फॅलोचा आहे. तो दुसऱ्या दोषाला जसाच्या तसा लावू नये. माझ्या प्रकारात खरी काळजी रक्तदाबाची आणि महाधमनीच्या रुंदीची होती, आणि बाराव्या आठवड्यापासून मला कमी मात्रेत ॲस्पिरिन दिले होते. हृदयाच्या पडद्याचे छिद्र वेळेवर बुजवलेले असेल आणि फुप्फुसांतील दाब नेहमीसारखा असेल, तर गर्भारपण जवळजवळ इतर स्त्रियांसारखेच जाते. याउलट फॉन्टन शस्त्रक्रिया (हृदयाचा एकच खालचा कप्पा कामाचा असल्यास करतात ती) झालेल्यांमध्ये धोका बराच अधिक असतो आणि गर्भपाताचे प्रमाणही मोठे असते. आणि ज्यांच्या फुप्फुसांतील रक्तदाब कायमचा वाढलेला आहे, त्यांना गर्भधारणा टाळण्याचाच सल्ला दिला जातो, कारण तेथे आईच्या जिवालाच मोठा धोका असतो. त्या बहिणींना हा सल्ला मिळाला असेल, तर इतरांच्या सुखरूप बाळंतपणाच्या गोष्टी वाचून त्यांनी तो बाजूला ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जाईजुई

सर्वांचे मनापासून आभार. काल दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून घेतला. उजव्या हातावर ११८ आणि डाव्यावर ९६ आला, आणि आजवर बहुतेक वेळा डाव्याच हातावर मोजत होते. एनालाप्रिलबद्दल फिजिशियनशी बोलणे झाले आणि त्यांनी ती थांबवली आहे. एमआरआयची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे.

आणखी एक प्रश्न आहे. आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. माझे माहेर जत तालुक्यातील एका गावी आहे आणि तेथून मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचायला सुमारे दोन तास लागतात. आईची फार इच्छा आहे की सातव्या महिन्यात ओटी भरून मी तिकडे जावे आणि सव्वा महिना पूर्ण करूनच परत यावे. हे योग्य होईल का?

वैद्यकी

तुमचा प्रश्न अगदी योग्य वेळी आला आहे, कारण असे बेत आधी ठरतात आणि मग मोडताना मने दुखावतात. सातव्या महिन्यात, म्हणजे हृदयावरील भार शिखरावर जात असताना, ओळखीचे डॉक्टर आणि फाईल सोडून दोन तासांच्या अंतरावर जाऊन राहणे मला मान्य नाही. या काळात तुमची तपासणी तिमाहीत एकदा पुरणार नाही. उजव्या कप्प्याची स्थिती पाहता महिन्या-दीड महिन्याने इको लागेल. तेव्हा डोहाळजेवण हौसेने करा, पण ते तुम्ही राहता तेथेच होऊ द्या, आणि आईंना तुमच्याकडे बोलावून घ्या. ज्या रुग्णालयात प्रसूती, हृदयरोग विभाग आणि आयसीयू एकाच आवारात आहेत, तेथे २० व्या आठवड्याच्या आत नाव नोंदवा. खर्चाचा प्रश्न असेल, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कोणत्या उपचारांचा समावेश होतो, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडे शिधापत्रिका घेऊन आधीच करा.

आई आल्या की त्यांच्याशी दोन गोष्टी बोलून ठेवा. बाळंतिणीने सव्वा महिना अंथरुणावरून उठू नये, ही समजूत तुमच्या बाबतीत धोक्याची आहे, कारण गर्भारपणात आणि त्यानंतरचे काही आठवडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि पडून राहिल्याने पायांत गुठळी होऊ शकते. दुसऱ्या दिवसापासून थोडे थोडे चालायला लागा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यांना माझी हरकत नाही, परंतु पापड, लोणचे आणि मीठ जपून खा, आणि पहिले दोन आठवडे रोज सकाळी वजन करा. रात्रीच्या जागरणाने धाप लागते असे वाटले, तर तो केवळ शिणवटा आहे असे समजू नका. अंगावर पाजायला काहीच अडचण नाही. हृदयाची एखादी गोळी पुन्हा सुरू करावी लागली, तरी पाजताना चालतील अशी औषधे उपलब्ध आहेत. त्यांत एनालाप्रिलही मोडते.

सहाव्या आठवड्यात इको आणि ईसीजी करून घ्या. तो समाधानकारक असेल, तर बाळाला घेऊन जतला जा आणि हवे तितके दिवस राहा. फक्त सहाव्या महिन्याच्या तपासणीची तारीख निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा.